घोरणं, विसरणं आणि मेंदूतले संपर्क: स्लीप ॲप्नियाच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न एका ताईंचा आहे. मिस्टरांचं वय ५३. बऱ्याच वर्षांपासून जोरात घोरतात, मध्येच श्वास अडकतो, मग हिसका बसतो आणि घोरणं पुन्हा सुरू. गेली दोनेक वर्षं विसरायला लागलेत, ऑफिसात चुका होतात, घरी चिडचिड. घरच्या घरी यंत्र लावून केलेल्या स्लीप स्टडीत एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडकण्याचा आकडा, ३८ आला. म्हणजे स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार. मेंदूचा एमआरआय नॉर्मल. ‘या आजारात मेंदूच्या भागांमधले संपर्क तुटतात’ असं ताईंच्या वाचनात आलं आणि त्या घाबरल्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. ही अल्झायमरची सुरुवात आहे का? संपर्क दाखवणारा फंक्शनल एमआरआय करून घ्यावा का? आणि झोपताना मास्कमधून हवा देणारं मशीन (सीपॅप) लावल्यावर डोकं पूर्वीसारखं चालेल का?

आधी उत्तरं देतो, कारणं मग. तुम्ही केलेल्या वर्णनावरून अल्झायमर वाटत नाही. फंक्शनल एमआरआयवर पैसे घालवू नका. मशीनने फरक पडतो, पण सगळ्यांना सारखा नाही, आणि रात्री दोन-तीन तास लावून तर फारसा नाहीच.

आता रात्री नेमकं काय होतं ते पाहू, कारण दिवसाचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एएचआय ३८ म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ३८ वेळा श्वास एकतर थांबला किंवा अपुरा पडला. किमान दहा सेकंद टिकला तरच तो प्रसंग मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सात तासांच्या झोपेत तुमच्या मिस्टरांचे असे अडीचशेच्या वर प्रसंग होतात. प्रत्येक वेळी घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते. छाती-पोट श्वास ओढायचा प्रयत्न करतच असतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मग मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घसा उघडतो, मोठा घुरका घेऊन श्वास सुटतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. उलट तो सांगतो, ‘डॉक्टर, मला झोपेचा काही त्रासच नाही, आडवा झालो की लागते.’ आडवं होताक्षणी रोज झोप लागणं हे बहुतेकदा झोपेच्या थकबाकीचं लक्षण असतं. म्हणून मी पेशंटपेक्षा शेजारी झोपणाऱ्या माणसाचं जास्त ऐकतो.

मेंदूवर मार दोन बाजूंनी बसतो. एक म्हणजे ऑक्सिजनचं वारंवार उतरणं आणि चढणं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे वीस टक्के वापरतो. नुसता उतार तितका वाईट नसतो, उतार आणि लगेच चढ हा फेरा जास्त वाईट, कारण प्रत्येक चढावात पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे अस्थिर रेणू तयार होतात, दाह वाढतो, बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. दुसरा मार म्हणजे झोपेचे तुकडे. गाढ झोपेच्या संथ लहरी सलग चालायला हव्यात. दर दीड-दोन मिनिटांनी त्या तुटत असतील तर तास भरतात, पण झोपेचं काम होत नाही.

दोन पेशंटचा एएचआय एकच असूनही त्यांचे मेंदू सारखे भोगत नाहीत, त्याचं कारण इथे आहे. एकाचा ऑक्सिजन ९० च्या खाली फारसा जातच नाही, फक्त झोप तुटते. दुसऱ्याचा प्रत्येक वेळी ७५ पर्यंत घसरतो. म्हणून रिपोर्टचं पहिलं पान वाचून थांबू नका. सर्वांत कमी ऑक्सिजन किती झाला, ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती मिनिटं गेली, तासाला ऑक्सिजन किती वेळा घसरला, हे आकडे आत कुठेतरी असतात. बहुतेक वेळा तेच मला जास्त सांगतात. आणखी एक बारकावा. घरी होणाऱ्या साध्या तपासणीत डोक्याला मेंदूलहरींच्या तारा लावलेल्या नसतात. यंत्राला माणूस झोपलाय की नुसता पडून आहे हे कळत नाही. भागाकार झोपेच्या तासांनी न होता यंत्र चालू असलेल्या तासांनी होतो आणि आकडा खराखुरा असतो त्याहून कमी येऊ शकतो. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ३८ हा आकडा उपचार ठरवायला पुरेसा आहे, त्यामुळे त्यासाठी पुन्हा तपासणी नको.

आता विसरण्याकडे येतो, कारण तुमची खरी भीती ती आहे.

माझ्यासमोर असा पेशंट बसला की मी पाच शब्द सांगतो. समजा पेरू, खिडकी, सायकल, चंदन, विहीर. दोनदा म्हणून घेतो. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगतो. तो म्हणतो ९३, ८६, थोडं थांबून ७९, आणि मग विचारतो, ‘कितीने कमी करत होतो आपण?’ गणित त्याला येतं, पण आकडा डोक्यात धरून ठेवून पुढचं पाऊल टाकताना हातातलं सुटतं. पाच मिनिटांनी शब्द विचारले तर दोन सांगतो. बायको शेजारून माझ्याकडे बघते, बघा, म्हणत होते ना! मग मी म्हणतो, ‘एक फळ होतं.’ ‘पेरू!’ लगेच. ‘घरातली एक वस्तू?’ ‘खिडकी.’ चार शब्द येतात, कधी पाचही. म्हणजे नोंद झालेली आहे, ती बाहेर काढायला कुणीतरी बोट धरावं लागतं. अल्झायमरच्या पेशंटला असं बोट धरलं तरी बहुतेकदा उपयोग होत नाही. तो ‘आंबा’ म्हणतो आणि त्यावर ठामही असतो. किंवा मुळात पाच शब्द सांगितले होते हेच त्याच्या लक्षात नसतं.

एवढ्यावर निदान होत नाही, हे उघड आहे. पण तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस ‘माझी स्मरणशक्ती गेली’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा स्मरणाच्या आधीची पायरी ढासळलेली असते. लक्ष गेलं नाही तर नोंद कच्ची होते, आणि कच्ची नोंद हवी तेव्हा सापडत नाही. चावी कुठे ठेवली हे त्याला आठवत नाही, कारण ठेवताना तो तिथे नव्हताच. या आजारातले आतापर्यंतचे अभ्यास एकत्र मांडले तर ढोबळ चित्र असं दिसतं: टिकून राहणारं लक्ष, सावधपणा, नियोजन आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळण्याची लवचीकता यांना फटका बसतो. ऐकलेलं-पाहिलेलं थोड्या वेळाने आठवण्यालाही बसतो. भाषा मात्र सहसा शाबूत राहते. म्हणूनच असा माणूस बोलायला लागला की चारचौघांत कुणाला काही कळत नाही. कळतं ते घरात आणि ऑफिसात. एका वेळी तीन गोष्टी आल्या की चिडतो, फॉर्म अर्धवट भरतो, मीटिंगमध्ये शेवटचं वाक्य हरवतं. चिडचिडीला स्वभाव म्हणून बाजूला टाकू नका, तीही त्याच यादीतली आहे.

हे संपर्काशी कसं जोडलं जातं? फंक्शनल एमआरआयमध्ये माणसाला काही काम न देता सहा-आठ मिनिटं शांत पडून राहायला सांगतात. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण संथपणे वरखाली होत असतं. ज्या भागांची ही चढउतार एकमेकांबरोबर चालते ते एका जाळ्यात आहेत असं मानतात. म्हणजे इथे ‘संपर्क’ म्हणजे तार नव्हे, ताल. भजनात गळे सगळ्यांचे ठीक आहेत, टाळही आहेत आणि मृदंगही, पण एकमेकांकडे लक्ष नसलं की ठेका विस्कटतो, तसं काहीसं. तुम्ही वाचलेलं ‘तुटतात’ हे क्रियापद म्हणूनच जरा जास्त भडक आहे.

तीन जाळी इथे महत्त्वाची. एक, डिफॉल्ट मोड नेटवर्क: आपण स्वतःच्या विचारांत असतो, जुनं आठवतो, उद्याचं मनात घोळवतो तेव्हा चालणारं. दुसरं, बाहेरचं काम हाती घेतल्यावर चालणारं कपाळ आणि माथ्याच्या भागांचं जाळं. तिसरं, सेलियन्स नेटवर्क, ज्यात इन्सुला नावाचा आत दडलेला भाग मुख्य. आत्ता कशाला महत्त्व द्यायचं ते ठरवून पहिलं शांत करणं आणि दुसरं चालू करणं हे त्याचं काम. निरोगी माणसाला अवघड काम दिलं की पहिलं जाळं दबतं. स्लीप ॲप्नियाच्या पेशंटमध्ये ते नीट दबत नाही असं दिसलंय, इन्सुलाचे इतर भागांशी संबंध बदललेले आढळलेत, थॅलॅमस आणि स्मरणाचं काम करणारा हिप्पोकॅम्पस यांचेही. थॅलॅमसकडे माझं विशेष लक्ष असतं, कारण जागेपणीची सावधता आणि झोपेतल्या लहरी, दोन्हींचा ताल तिथून सांभाळला जातो. आता मघाचं ‘कितीने कमी करत होतो आपण?’ आठवा. काम चालू असताना आतलं जाळं मधेच तोंड घालतं, आणि धरलेला आकडा सुटतो. अशी सांगड मला पटते. तो पुरावा नाही, पण क्लिनिकमध्ये जे दिसतं त्याच्याशी ती जुळते.

मग हाच स्कॅन तुमच्या मिस्टरांचा का करायचा नाही? हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. वीस-तीस पेशंट एका बाजूला, तेवढेच निरोगी दुसऱ्या बाजूला, आणि दोन ढगांमधला फरक. एका माणसाचा स्कॅन पाहून तो कुठल्या ढगातला हे सांगता येत नाही. शिवाय काही अभ्यासांत संपर्क कमी दिसतात, काहींत काही ठिकाणी वाढलेले. वाढलेले म्हणजे मेंदू भरपाई करतोय की बिघडलाय, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. बरेचसे अभ्यास पुरुषांवरचे. पेशंटमध्ये वजन, मधुमेह, रक्तदाब हेही असतात आणि ते स्वतःच मेंदूची जाळी बदलतात. आणि दोन अडचणी अगदी मुळातल्या आहेत. पहिली, हा स्कॅन पेशींची क्रिया थेट मोजत नाही, रक्ताचा प्रतिसाद मोजतो, आणि या आजारात बिघडतं त्यात रक्तवाहिन्यांचा प्रतिसादही असतो. दुसरी अडचण तर हसू यावं अशी. झोपेची थकबाकी असलेल्या माणसाला अंधाऱ्या नळीत ‘शांत पडून राहा, पण झोपू नका’ सांगतात. तो डुलकी घेतो. डुलकीत मेंदूचे संपर्क बदलतातच. मग आपण आजार मोजला की डुलकी?

संशोधनाचं हत्यार म्हणून ते उत्तम आहे. तुमच्या खर्चाच्या यादीत त्याला जागा नाही, एवढंच.

नॉर्मल एमआरआयबद्दलही तुमचा गोंधळ झालेला दिसतो. नेहमीचा एमआरआय गाठ, पक्षाघात, मोठी झीज दाखवतो. या आजारातले बदल इतके बारीक असतात की ते गटाच्या सरासरीतच दिसतात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या गटाने या विषयावर बरंच काम केलंय. २००८ साली त्यांनी स्मरणाच्या साखळीतल्या मॅमिलरी बॉडीज नावाच्या दोन बारीक गोळ्यांचा आकार या पेशंटमध्ये लहान असल्याचं दाखवलं. दारू आणि थायमिनच्या अभावाने स्मृती जाते त्या आजारातही हेच गोळे आक्रसतात. पेशींच्या पातळीवर प्राण्यांमधला पुरावा अधिक थेट आहे. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांना झोपेच्या वेळी कमी-जास्त ऑक्सिजनच्या फेऱ्यांत ठेवलं की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतात, भूलभुलैयातली वाट शिकायला त्यांना जास्त वेळ लागतो, आणि जागं ठेवणाऱ्या काही पेशींना कायमची इजा होते. नीट उपचार होऊनही काही पेशंटची पेंग का जात नाही, याचं एक संभाव्य उत्तर या शेवटच्या गोष्टीत आहे.

अल्झायमरचं काय? संबंध आहे, तो नाकारत नाही. २०११ साली अमेरिकेत २९८ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८२, सुरुवातीला कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. सुमारे पाच वर्षांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांपैकी ४४.८ टक्के आणि न अडकणाऱ्यांपैकी ३१.१ टक्के बायकांमध्ये सौम्य बौद्धिक घट किंवा स्मृतिभ्रंश आढळला. आणि संबंध जुळला तो ऑक्सिजनच्या घसरणीशी, झोपेच्या तुकड्यांशी नाही. ऑक्सिजनचे आकडे वाचा म्हणून मी मघाशी सांगितलं, त्यामागे हेही आहे. गाढ झोपेत मेंदूतला अमायलॉइडसारखा (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) कचरा जास्त वाहून जातो असं २०१३ पासून मांडलं जातंय. मांडणी आकर्षक आहे, पण माणसात ती नेमकी किती लागू आहे यावर अजून घमासान चालू आहे, त्यामुळे मी तिच्यावर उपचार ठरवत नाही.

पण हे अभ्यास ऐंशीच्या आसपासच्या माणसांचे. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला त्यातला टक्का चिकटवणं चूक. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली. स्लीप ॲप्निया त्यात नाही. मात्र रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, नैराश्य त्या यादीत आहेत, आणि तीव्र ॲप्नियाच्या पेशंटमध्ये यातलं बरंच काही एकत्र नांदत असतं. तेव्हा घोरण्याच्या धाकाने का होईना, त्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर ताब्यात आली तर मेंदूचा त्यातही फायदा आहे.

आता मशीन. सीपॅप म्हणजे नाकावर मास्क आणि त्यातून सतत हलक्या दाबाची हवा. हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते, बस. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हे पहिल्यांदा प्रसिद्ध केलं आणि तीव्र आजारात आजही पहिला उपाय हाच आहे. आधीच सांगतो, यात ऑक्सिजन सिलिंडर नसतो. ‘एकदा सवय लागली की आयुष्यभर लागतं’ हेही चूक. ते व्यसन नाही. चष्म्याची गरज असते तशी त्याची असते.

बुद्धीवर परिणाम? इथे दोन प्रकारचे पुरावे आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात.

पहिला उत्साह वाढवणारा. इटलीत मिलानमध्ये तीव्र आजाराच्या, आधी उपचार न घेतलेल्या १७ पुरुषांचा अभ्यास झाला. सुरुवातीला हिप्पोकॅम्पस आणि इतर काही भागांत राखाडी द्रव्य, म्हणजे मेंदूपेशींचा थर, कमी होतं. तीन महिने नीट सीपॅप वापरल्यावर त्यातल्या काही भागांत ते वाढलं, आणि चाचण्यांतले गुणही. हे २०११ सालचं. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या द्रव्याला जास्त वेळ लागला. वर्षभराच्या वापरानंतर तिथले बदल जवळजवळ भरून आल्याचं त्याच गटाने २०१४ मध्ये दाखवलं. म्हणजे ज्या खऱ्याखुऱ्या तारा आहेत, त्या दुरुस्त होऊ शकतात, पण महिन्याभरात नाही.

दुसरा पाय जमिनीवर आणणारा. अमेरिकेत ॲपल्स नावाची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. सुमारे अकराशे पेशंट. अर्ध्यांना खरं सीपॅप, अर्ध्यांना दिसायला तसंच पण दाब नसलेलं. सहा महिन्यांनी पेंग कमी झाली. स्मरण आणि लक्षाच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीव्र आजार असलेल्यांत नियोजनाच्या चाचणीत दोन महिन्यांनी थोडा फायदा दिसला, सहा महिन्यांनी तोही विरला.

मी कुठे उभा आहे? मोठ्या चाचणीचं वजन जास्त, हे मान्य. पण तिच्यातले बरेच लोक सुरुवातीलाच चाचण्यांत ठीकठाक होते. जे बिघडलेलंच नाही ते सुधारलेलं दिसणार कसं? विसरण्याची तक्रार नसलेल्या माणसाला मी ‘मशीनने बुद्धी वाढेल’ असं सांगत नाही. ज्याच्या चाचणीत मुळात खोट सापडली आहे आणि ऑक्सिजन खूप घसरतोय, त्याच्यात मला आशा असते. त्यातही तासांवर सगळं आहे. २००६ साली स्मरणाच्या चाचणीत कमी पडलेल्या पेशंटचा एक छोटा अभ्यास आला. रात्री सहा तासांहून जास्त सीपॅप वापरणाऱ्यांत ६८ टक्के लोकांचं स्मरण तीन महिन्यांत सामान्य पातळीवर आलं, दोन तासांहून कमी वापरणाऱ्यांत २१ टक्क्यांचंच. जे मशीन मन लावून वापरतात ते इतर बाबतींतही शिस्तीचे असतात, त्यामुळे सगळं श्रेय हवेला देता येत नाही. तरी माझ्या ओपीडीत दिसणारं चित्र याच्या जवळचं आहे.

तासांचा हा मुद्दा जरा सोलून सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. सगळीकडे एक निकष चालतो: रात्री चार तास, सत्तर टक्के रात्री. मशीनचं वापराची नोंद ठेवणारं कार्ड तेवढं दाखवलं की पेशंट खूश, कंपनीचा माणूस खूश. पण हे चार तास कुठले? अकराला मास्क लावला, तीनला लघवीला उठले, मास्क काढला तो काढलाच. स्वप्नांची झोप, जिला आरईएम म्हणतात, ती मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात असते. त्या वेळी स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणून श्वास सर्वांत जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजन सर्वांत खोल घसरतो. म्हणजे सर्वांत वाईट तास उघडे पडले. हा नुसता तर्क नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली एक चलाख प्रयोग झाला. सीपॅप नीट वापरणाऱ्या पेशंटना संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या भूलभुलैयात वाट शोधायला लावली. एका रात्री मशीन पूर्ण दाबावर, दुसऱ्या रात्री फक्त आरईएममध्ये दाब कमी केला. पूर्ण दाबाच्या रात्रीनंतर सकाळी वाट लवकर सापडली. आरईएममध्ये श्वास अडकू दिला त्या रात्रीनंतर ती सुधारणा नव्हती. म्हणून मिस्टरांना एवढंच सांगा, तीन वाजता बाथरूमला जाताना मास्क काढायचा नाही, नुसती नळी सोडवायची आणि परत आल्यावर जोडायची.

मास्क का निघतो याची कारणं बहुतेक साधी असतात. नाक चोंदलेलं असतं. त्याचा इलाज आधी करा. तोंड उघडं राहून हवा गळते. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो. घसा कोरडा पडतो. हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरलंय का बघा, निम्म्या घरांत ते रिकामं असतं. मास्कचा आकार चुकलेला असतो आणि पेशंट पट्टे आवळत राहतो, मग नाकावर वळ उठतो. मिशीमुळे गळती होते, हेही पाहिलंय, आणि मिशी काढायला सांगणं हे औषध सांगण्यापेक्षा अवघड काम असतं. गावाकडे रात्री वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर मशीन चालतं का हे विकत घेण्याआधी विचारा.

मशीन अजिबात जमलंच नाही तर खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी हा पर्याय आहे, सौम्य-मध्यम आजारात जास्त उपयोगी. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा मूळ उपाय. टर्झेपटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. कुणाला द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण ‘माझे मिस्टर तर लठ्ठ नाहीत’ म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. आपल्याकडे आखूड जबड्याची, मध्यम वजनाची कितीतरी माणसं या आजाराने गाठलेली असतात. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाच्या पेंगेसह हा आजार ७.५ टक्के पुरुषांत होता.

विसरण्याचं सगळं खापर श्वासावर फोडण्याआधी या गोष्टी तपासून घ्या: बी-१२, थायरॉइड, साखर. शाकाहारी माणूस मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल तर बी-१२ हमखास बघा. नैराश्यातही असंच विसरायला होतं आणि ते या आजाराच्या सोबतीला वारंवार येतं. झोपेसाठी कुणी अल्प्राझोलामची गोळी सुरू केली असेल तर तिचं काय करायचं ते डॉक्टरांना लगेच विचारा. जुनी सवय असेल तर एकदम बंद करू नका. ही गोळी घसा आणखी सैल करू शकते, आणि दुसऱ्या दिवशीचं स्मरण तिच्यामुळेही मंद होतं. रात्रीच्या पेगचंही तेच.

काय दिसलं तर मला वेगळा विचार करावा लागेल तेही सांगतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं. तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारणं आणि आधी विचारल्याचा पत्ता नसणं. रोजच्या वस्तूंची नावं न सुचणं. पैशाच्या व्यवहारात विचित्र निर्णय. झोपेत हातपाय झाडून स्वप्न जगणं, नसलेली माणसं दिसणं. यातलं काही असेल तर मशीनचा निकाल येईपर्यंत थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

यातलं काही नसेल तर क्रम सोपा आहे. आज साध्या बौद्धिक चाचण्या करून गुण लिहून ठेवा. तीन ते सहा महिने मशीन वापरा, रात्रभर. मग वेगळ्या शब्दांनी तीच चाचणी पुन्हा, आणि येताना मशीनचं कार्ड आणा. त्यात तास, गळती आणि उरलेला एएचआय सगळं असतं. तुम्हाला घरी फरक आधी दिसेल. तो स्मरणात नसेल, चिडचिडीत असेल. पेंग पहिल्या काही आठवड्यांत उतरते, लक्ष त्यानंतर, आणि नियोजनाचा भाग सर्वांत हळू. उपचार मनापासून करूनही गुण खाली गेले तर पुढच्या तपासण्या त्या वेळी करू.

आणि तोवर त्यांना लांबचं ड्रायव्हिंग करू देऊ नका. या आजारात अपघाताचा धोका सुमारे अडीचपट असतो. एक्स्प्रेस वेवर रिकाम्या लेनमध्ये शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर. रात्री पुण्याला जायचंच असेल तर स्टिअरिंग तुम्ही घ्या किंवा बसचं तिकीट काढा.